बदलीचे कार्ड आणि बेकारीची मोजणी : मुंबईच्या कापड गिरण्यांतील मंदीचा काळ (१९२३–१९३८)

१९२७ साली मुंबई सरकारच्या मजूर कचेरीने इलाख्यातील मध्यमवर्गीयांच्या बेकारीविषयी एक चौकशी अहवाल प्रसिद्ध केला. कारकुनीची अथवा शिक्षकाची जागा शोधणाऱ्या सुशिक्षित तरुणांची स्थिती काय आहे, हा त्या चौकशीचा विषय होता. त्याच दशकात बंगाल, मद्रास व पंजाब या प्रांतांतही सुशिक्षितांच्या बेकारीचा विचार करण्यासाठी समित्या बसल्या. १९३१ च्या खानेसुमारीत सुशिक्षित बेकारांची स्वतंत्र नोंद करण्याचा प्रयत्न झाला, पण त्यास प्रतिसाद फार अल्प मिळाला. पुढे संयुक्त प्रांतात तेजबहादूर सप्रू यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९३५ मध्ये याच प्रश्नावर आपला अहवाल दिला. अर्थात बेकारी हा सरकारी विचाराचा विषय त्या काळी नव्हता, असे म्हणता येत नाही. तथापि ज्या वर्षी मजूर कचेरीचा अहवाल प्रसिद्ध झाला, त्याच वर्षी मुंबईच्या कापड गिरण्यांत ‘रॅशनलायझेशन’ या नव्या नावाने मजूर कमी करण्यास प्रारंभ झालेला होता; आणि गिरणीतून कमी झालेल्या माणसांची अशी शिरगणती मात्र कोणी हाती घेतली नाही.

मजूर कचेरीस या कामाची साधने अथवा सवय नव्हती, असेही नाही. ही कचेरी १९२१ मध्ये स्थापन झाली. त्याच वर्षीपासून तिचे ‘लेबर गॅझेट’ हे मासिक निघू लागले. फिंडले शिरास हे तिचे संचालक असताना मुंबईतील मजूर कुटुंबांच्या जमाखर्चाची तपशीलवार पाहणी झाली. मजुराच्या घरी तांदूळ किती शिजतो, भाडे किती जाते, कर्जावर व्याज किती पडते, हे सर्व कचेरीस ठाऊक होते. पगाराची, संपांची व फुकट गेलेल्या कामाच्या दिवसांची आकडेवारी ती नियमाने प्रसिद्ध करीत असे. इतके मोजणाऱ्या कचेरीच्या कोष्टकांत काम गेलेल्या मजुराला रकाना का मिळाला नाही, हा प्रश्न केवळ आकडेशास्त्राचा राहत नाही. मंदीच्या काळात मुंबईतील बेकारी किती होती, या प्रश्नाइतकाच ती दिसेनाशी कशी झाली, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. गिरणीतील बदलीची पद्धत, जॉबरचा अधिकार आणि कोकणातील गाव या तीन गोष्टी एकत्र घेतल्याखेरीज त्याचे उत्तर मिळत नाही.

प्रथम मंदीचा काळ निश्चित केला पाहिजे. १९२९ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला व तेथून जगभर मंदी पसरली, हा क्रम पाठ्यपुस्तकांतून रूढ झाला आहे. मुंबईच्या गिरण्यांना तो लागू पडत नाही. पहिल्या महायुद्धानंतरच्या तेजीत मुंबईच्या गिरण्यांनी अपूर्व नफा मिळविला, भागधारकांना भरमसाट लाभांश वाटले आणि कित्येक कंपन्यांनी तेजीच्या भावाने भांडवल फुगवून घेतले. ही तेजी १९२२ अखेर संपली. १९२३ पासून मुंबईचा धंदा उतरणीस लागला आणि जागतिक मंदी येऊन पोहोचली तेव्हा त्याला सहा वर्षे होऊन गेली होती. चीनमधील सुताची बाजारपेठ जपानने पूर्वीच काबीज केली होती. आता जपानी कापड मुंबईच्या दारातच उतरू लागले. देशांतर्गत बाजारात अहमदाबाद, सोलापूर व इतर ठिकाणच्या गिरण्या मुंबईच्या जाड्याभरड्या मालाची जागा घेऊ लागल्या. रुपयाचा दर १९२७ च्या कायद्याने अठरा पेन्सांवर स्थिर झाला, त्याविषयी गिरणीमालकांची तक्रार होती व ती सर्वस्वी निराधार नव्हती. परंतु रुपयाचा हाच दर अहमदाबादलाही लागू होता आणि तेथील धंदा याच वर्षांत वाढत होता. मुंबईच्या संकटाची मुळे मुंबईच्या गिरण्यांच्या अर्थव्यवहारात व व्यवस्थापनातही होती, ही गोष्ट यावरून उघड होते. मजुराच्या दृष्टीने तिला विशेष महत्त्व आहे. संकट सर्वस्वी बाहेरून आले असते, तर मालकांचा पहिला प्रहार पगारावर का पडला याचे स्पष्टीकरण अपुरे पडले असते.

तो प्रहार १९२५ मध्ये पडला. मालकांनी पगारात साडेअकरा टक्के कपात जाहीर केली, सप्टेंबरात सर्व गिरण्या बंद पडल्या आणि डिसेंबरच्या आरंभी सरकारने कापडावरील साडेतीन टक्क्यांची अबकारी जकात तहकूब केल्यावर कपात मागे घेण्यात आली. पगार सरसकट कापणे अवघड आहे, हा या संपाचा मालकांना मिळालेला धडा होय. १९२६ मध्ये फ्रँक नॉइस यांच्या अध्यक्षतेखाली टॅरिफ बोर्डाची चौकशी सुरू झाली. १९२७ च्या तिच्या अहवालात संरक्षक जकातीइतकाच भर मजुरांच्या कार्यक्षमतेवर होता. पगाराचा दर तसाच ठेवून मजुरांची संख्या कमी करावी, हा मार्ग आता पुढे आला. सासून समूहाच्या गिरण्यांनी त्यात पुढाकार घेतला.

या सुसूत्रीकरणाचा अर्थ कारखान्याच्या आत काय होता, हे समजून घेणे अगत्याचे आहे. विणाईच्या, म्हणजे गिरणीच्या बोलीत साच्यांच्या खात्यात, एका विणकराने दोन साचे सांभाळावे ही मुंबईची जुनी रीत होती. आता त्याने तीन सांभाळावे, असे ठरले. कताईच्या त्रासन खात्यात एक बाजू पाहणाऱ्यास दोन बाजू दिल्या गेल्या. जो कामावर राहिला त्याची कमाई काहीशी वाढली, हे मालकांचे म्हणणे खोटे नव्हते. परंतु साच्यांची संख्या तीच राहिली, तर दोनांऐवजी तीन साचे सांभाळणाऱ्या प्रत्येक दोन विणकरांमागे तिसऱ्याची जागा नाहीशी होते. हा हिशेब साच्यावर उभ्या असलेल्या अशिक्षित माणसालाही करता येत होता. १९२८ च्या संपाची तीव्रता याच हिशेबात आहे. एप्रिल अखेरपासून ऑक्टोबरच्या आरंभापर्यंत सुमारे दीड लाख मजूर सहा महिने कामाबाहेर राहिले. संपाच्या सतरा मागण्यांत नव्या कामपद्धतीस विरोध ही प्रमुख मागणी होती. श्री. अ. डांगे, र. शं. निंबकर, शां. सा. मिरजकर, के. ना. जोगळेकर इत्यादी साम्यवादी पुढारी, गिरणीतूनच आलेले अर्जुन आत्माराम आळवे, आणि मवाळ विचाराचे ना. म. जोशी ही मंडळी एका संयुक्त समितीत बसली. एरवी त्यांची तोंडे निरनिराळ्या दिशांना होती. मे महिन्यात स्थापन झालेल्या गिरणी कामगार युनियनची सभासद संख्या डिसेंबरात चोपन्न हजारांवर गेली.

संपानंतर नेमलेल्या फॉसेट समितीने मार्च १९२९ मध्ये आपला निवाडा दिला. सुसूत्रीकरणाचे तत्त्व तिने मान्य केले. मात्र त्यामुळे ज्यांचे काम जाईल त्यांना काही रक्कम द्यावी, अशी सूचनाही तिने केली. बेकार होणाऱ्या मजुराविषयी उद्योगाचे काही देणे लागते, ही कल्पना मुंबईच्या औद्योगिक इतिहासात एका अधिकृत समितीने मांडली, हे नमूद करण्यासारखे आहे. पण त्या सूचनेतून प्रत्यक्षात काही निष्पन्न झाले नाही. निवाडा बाहेर येण्याच्या सुमारासच, २० मार्च १९२९ रोजी, मीरतच्या खटल्यासाठी युनियनचे प्रमुख पुढारी पकडले गेले. एप्रिलात पुकारलेला दुसरा सार्वत्रिक संप पावसाळ्याअखेर विसकटला. त्यानंतर युनियनची शक्ती इतकी खालावली की, नव्या कामपद्धतीस संघटित विरोध करणारे कोणी उरले नाही.

जागतिक मंदी येऊन भिडली ती अशा अवस्थेत. १९३० पासून परदेशी कापडावरील जकात चढत गेली. ब्रिटिशेतर मालावर ती ऑगस्ट १९३२ मध्ये पन्नास टक्के व जून १९३३ मध्ये पंचाहत्तर टक्के झाली. तरीही १९३३ हे मुंबईच्या धंद्याचे अत्यंत वाईट वर्ष ठरले. गिरण्यांमागून गिरण्या बंद पडल्या. करीमभाई इब्राहिम यांचा मोठा समूह याच सुमारास कोसळला. १९२६ च्या आसपास दीड लाखाच्या घरात असलेली रोजची सरासरी मजूरसंख्या १९३३ मध्ये सुमारे एक लाख तीस हजारांवर आली. ज्या गिरण्या चालू होत्या त्यांनी पगार व महागाई भत्ता आपापल्या मर्जीने कापला आणि एप्रिल १९३४ मध्ये पुन्हा सार्वत्रिक संप झाला.

या काळातील एक गोष्ट सहसा दुर्लक्षित राहते. १९१४ चा जुलै हा पाया धरून काढलेला मुंबईच्या मजुरांचा निर्वाहखर्चाचा निर्देशांक १९२९ मध्ये दीडशेच्या जवळपास होता. १९३४ मध्ये तो शंभराच्या आसपास उतरला. धान्य स्वस्त झाले, कापड स्वस्त झाले. म्हणून ज्याचे काम टिकले त्याची हलाखी पगारकपातीच्या आकड्यावरून वाटते तेवढी नव्हती, आणि कपातीचे समर्थन करताना मालक या निर्देशांकाकडेच बोट दाखवीत. मंदीचा भार मजूरवर्गावर सारखा वाटला गेला नाही. ज्यांचे काम गेले अथवा अर्धवट राहिले, त्यांच्यावर तो एकवटला. पगाराच्या सरासरीचा अभ्यास करून या मंदीचे मूल्यमापन करणारे विवेचन म्हणूनच मुळात चुकीच्या जागी उभे राहते. त्यातील मुख्य पीडित त्या सरासरीतच नसतो.

तो कोठे होता? पहिले उत्तर असे की, तो गिरणीच्या दारात होता. सकाळी भोंगा होण्यापूर्वी प्रत्येक गिरणीच्या फाटकाशी बदलीवाल्यांचा जमाव उभा असे. गैरहजर माणसाच्या जागी त्या दिवसापुरते काम मिळेल या आशेने ते येत. मुंबईच्या गिरण्यांतील गैरहजेरी नेहमीच मोठी असे. दहा-दहा तास उष्ण व दमट हवेत उभे राहून काम करणाऱ्या माणसाला अधूनमधून खाडा करणे भाग पडे. त्यामुळे राखीव माणसांचा साठा हाताशी ठेवणे मालकांस सोयीचे होते आणि या साठ्याचा खर्च त्यांना काहीच पडत नसे. कोणाला आत घ्यायचे हे खात्याचा जॉबर ठरवी. स्त्रियांच्या खात्यांत हे काम नायकिणीकडे असे. जॉबर बहुधा आपल्या गावचा, आपल्या जातीचा अथवा आपल्याला दस्तुरी देणारा माणूस निवडी. कायम मजूर आणि बदली यांच्यामधील सीमा त्याच्या हाती होती आणि ती तो दोन्ही बाजूंनी सरकवू शके.

मंदीत या व्यवस्थेचे कार्य बदलले. तेजीच्या दिवसांत बदली ही कायम कामाची पहिली पायरी होती. गावाहून आलेला तरुण काही महिने बदली करी व नंतर एखाद्या साच्यावर स्थिर होई. आता वाहतूक उलटी सुरू झाली. कायम साचेवाला बदलीत ढकलला जाऊ लागला. महिन्याला सव्वीस दिवस काम करणारा दहा-बारा दिवस करू लागला, तर त्याला बेकार म्हणावे की नाही, याचे उत्तर कोणत्याही रकान्यात नव्हते. ज्या दिवशी तो आत गेला त्या दिवशीच्या हजेरीत तो मोजला गेला. ज्या दिवशी परतला त्या दिवशी त्याची नोंद करणारे कोणी नव्हते. गिरण्यांची सरासरी मजूरसंख्या म्हणजे हजर माणसांची सरासरी होय. तीत वीस हजारांची घट दिसते तेव्हा काम गमावलेल्यांची संख्या वीस हजार होती, असा अर्थ काढता येत नाही. एका जागेचे काम दोघांत वाटले गेले, तर आकडा तोच राहतो आणि अर्धपोटी माणसे दोन होतात. १९३४ मध्ये मजूर कचेरीने गिरण्यांतील वेतन व बेकारी यांची चौकशी केली आणि तिच्या नावातच हे दोन्ही शब्द होते. परंतु गिरणीच्या दफ्तरांवर आधारलेली कोणतीही चौकशी फाटकाच्या आतले मोजू शकते. बाहेरचे तिला वजाबाकीने ठरवावे लागते.

फाटकाबाहेर उभे राहण्यासही काही बळ लागे. मुंबईत महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या दहा ते पंधरा तारखेच्या सुमारास मिळण्याची रीत होती. १९३६ च्या पगारवाटपाच्या कायद्यापर्यंत ती चालू राहिली. म्हणजे कामावर असलेला मजूरही नेहमी दीड महिन्याच्या उधारीवर जगत असे. ही उधारी चाळीतल्या वाण्याची असे, पठाणाची असे, आणि एकट्या राहणाऱ्या कोकण्याच्या बाबतीत खानावळीची असे. मुंबईच्या संपांचा इतिहास लिहिताना पुढाऱ्यांची भाषणे सविस्तर दिली जातात. सहा महिने पगार नसलेल्या माणसाला जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बाईचा उल्लेख क्वचितच आढळतो. बेकारीच्या काळात तिची वही हाच मुंबईतील बेकारीचा विमा होता. गावकऱ्यांनी मिळून भाड्याने घेतलेल्या खोल्यांचे कार्यही तेच. एका खोलीत पाळीपाळीने झोपणाऱ्या दहा-पंधरा गाववाल्यांपैकी दोघे-तिघे बेकार असले, तर भाड्याचा त्यांचा हिस्सा इतरांवर पडे. मात्र हा आधार अमर्याद नव्हता. तो संपला की उरे ते गाव.

गावाविषयीचा अधिकृत समज या ठिकाणी तपासला पाहिजे. जे. एच. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालील मजूरविषयक रॉयल कमिशनने १९३१ मध्ये आपला अहवाल दिला. या कमिशनवर मजुरांच्या बाजूने ना. म. जोशी होते आणि मालकांच्या बाजूने, इतरांबरोबर, व्हिक्टर सासून होते. ज्या समूहाने मुंबईत सुसूत्रीकरणाचा पुढाकार घेतला त्याचेच ते प्रमुख. मजुराचा गावाशी असलेला संबंध ही दौलत आहे, तो तोडू नये, उलट नियमित करावा, असे कमिशनचे मत पडले. बेकारीच्या विम्याची राष्ट्रीय योजना हिंदुस्थानात व्यवहार्य नाही, असेही त्याने ठरविले. एकाच अहवालातील या दोन विधानांची सांगड उघड आहे. गाव आहे म्हणून विमा नको. परंतु त्याच अहवालात तिसरे एक विधान आहे. मजूर शहराकडे ओढला जात नाही, गावात पोट भरत नाही म्हणून तो शहराकडे ढकलला जातो, असे कमिशनने तितक्याच स्पष्टपणे सांगितले. जे गाव त्याला पोसू शकत नाही म्हणून तो निघाला, तेच गाव शहराने टाकून दिल्यावर त्याला कसे पोसणार, हा प्रश्न कमिशनने स्वतःला विचारला नाही.

रत्नागिरी जिल्ह्याच्या बाबतीत हा प्रश्न अत्यंत रोकडा होता. मुंबईच्या गिरणी मजुरांत सर्वांत मोठा गट याच जिल्ह्याचा. १९२१ च्या खानेसुमारीत मुंबई शहरात रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेली सव्वादोन लाखांहून अधिक माणसे आढळली. डोंगरउताराची वरकस जमीन, खोताला द्यावयाचा हिस्सा, लहान होत गेलेली खाती, यामुळे घरचे भात वर्षभर पुरत नसे. उरलेले महिने मुंबईच्या मनिऑर्डरीवर निघत. सावकाराचे व्याज, खोताचे देणे, लग्नाचे कर्ज या सर्वांचा उगम गावात असला, तरी फेड मुंबईत होत होती. म्हणजे गाव मुंबईचा विमा होते हे जितके खरे, त्याहून मुंबई ही गावाचा विमा होती, हे अधिक खरे आहे. गिरणीतून काढलेला माणूस घरी परतला की त्या घरातील खाणारे तोंड एकाने वाढे आणि त्याच क्षणी येणारा पैसा बंद होई. १९२९ नंतर शेतमालाचे भाव कोसळल्याने देशभरचा शेतकरी होरपळला. विकत धान्य घेणाऱ्या कोकणी कुटुंबाला स्वस्ताईचा लाभ मिळावयास हवा होता. पण तो घेण्यास हाती रोकड लागते आणि रोकड मुंबईहून येत होती.

शिवाय हे परतणे ऋतूच्या नेहमीच्या ये-जात मिसळून जाई. उन्हाळ्यात लग्नसराईस व पेरणीच्या तोंडावर गावी जावे, पाऊस सरल्यावर परतावे, ही कोकण्यांची पूर्वापार रीत. मे महिन्यात बोटीवर चढणाऱ्या माणसांपैकी रजेवर जाणारा कोण आणि काम गेल्यामुळे जाणारा कोण, हे बोटीच्या तिकिटावरून समजत नाही. पावसाळ्यात किनाऱ्याच्या बोटी बंद असत. त्या काळात काम गेलेल्याला घाटमार्गाची यातायात करावी लागे, अथवा मुंबईतच उधारीवर दिवस काढावे लागत. जो एकदा गेला तो मुंबईच्या हिशेबातून नाहीसा होई. रत्नागिरीच्या हिशेबात त्याची नोंद शेतकरी म्हणूनच होई.

या परतीची एक पुसट खूण मात्र खानेसुमारीत सापडते. १९२१ मध्ये मुंबई शहराची लोकसंख्या ११ लाख ७६ हजार होती; १९३१ मध्ये ती ११ लाख ६१ हजार भरली. दहा वर्षांत देशाची लोकसंख्या लक्षणीय वाढलेली असताना देशातील एक प्रमुख औद्योगिक नगरी आकुंचन पावली. हा आकडा जपून वापरला पाहिजे. १९२१ ची मोजणी तेजीच्या ऐन भरात झाली होती, आणि १९३१ च्या खानेसुमारीवर बहिष्कार घालावा असे आवाहन सविनय कायदेभंगाच्या चळवळीत झाले होते. तरीही पुढील दशकात, धंदा सावरल्यावर, हीच लोकसंख्या १९४१ मध्ये पंधरा लाखांच्या जवळ पोहोचली, हे ध्यानात घेतले म्हणजे १९३१ ची घट सर्वस्वी मोजणीच्या दोषावर टाकता येत नाही.

बदली व गाव या दोन्ही पडद्यांमागे सर्वांत अधिक झाकल्या गेल्या त्या स्त्रिया. तिसऱ्या दशकात गिरणी मजुरांत त्यांचे प्रमाण पंचमांशाहून अधिक होते. १९३९ च्या सुमारास ते पंधरा टक्क्यांच्या आसपास उतरले. त्या प्रामुख्याने रिळाच्या व वाइंडिंगच्या खात्यांत उक्त्या दराने काम करीत. चीनचा सुताचा व्यापार गेल्यावर सुताच्या लडी बांधण्याचे रिळाचे काम आक्रसत गेले. उक्त्या कामात माणसाला काढून टाकावे लागत नाही. काम अपुरे दिले की कमाई घटते, हजेरीपटावरील नाव तसेच राहते. १९३० नंतर अनेक गिरण्यांनी रात्रपाळी सुरू केली, पण स्त्रियांना रात्रीचे काम कायद्याने बंद असल्याने त्या वाढीचा त्यांना उपयोग नव्हता. १९२९ च्या मुंबईच्या प्रसूतिलाभ कायद्याने स्त्री मजुराचा काही खर्च मालकावर टाकला. हा कायदा न्याय्य होता यात शंका नाही. मात्र स्त्रियांना कमी करण्यास मालकांस एक जादा कारण मिळाले, हेही नाकारता येत नाही. काम गेलेल्या स्त्रीची नोंद ‘घरकाम’ या सदरात होते. तिच्या बाबतीत बेकारी हा शब्दच कोणाला सुचत नसे, मग ती विधवा असो की घरची एकटी मिळवती असो.

अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींच्या मजुरांची अडचण निराळी होती. साच्यांच्या खात्यात त्यांना प्रवेश नव्हता. धोट्यातील कांडीचे सूत तोंडाने ओढून घ्यावे लागते व त्यामुळे विटाळ होतो, हे कारण सवर्ण विणकर पुढे करीत. विणाई हे गिरणीतील चांगल्या कमाईचे खाते असल्याने कारण केवळ विटाळाचे नव्हते, हे सांगण्याची आवश्यकता नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८-२९ च्या संपांच्या काळात हा प्रश्न उघडपणे मांडला. ज्या त्रासन खात्यात या मजुरांचा भरणा होता तेथेच दोन बाजूंची पद्धत आली. आणि तेथून निघालेल्याला साच्यांकडे वळण्याची वाट बंद होती. गावी परतावे तर तेथे त्याची स्वतःची जमीन नसे. गाव हा मजुराचा आधार, हे कमिशनचे सूत्र त्याच्या बाबतीत अगदीच पोकळ ठरते.

फाटकावरील जमावाची पहिली व्यवस्थित यादी १९३५ मध्ये तयार होऊ लागली. १९३४ च्या कायद्यान्वये सरकारने नेमलेल्या लेबर ऑफिसरच्या पुढाकाराने व गिरणीमालक संघाच्या संमतीने बदली नियंत्रणाची पद्धत सुरू झाली. प्रत्येक गिरणीने महिन्याच्या पहिल्या तारखेस ठरावीक संख्येच्या बदलीवाल्यांना कार्डे द्यावी, त्यांनी रोज सकाळी हजर व्हावे, आणि रिकामी जागा त्यांतूनच भरावी, अशी ही योजना होती. जॉबरच्या मनमानीस व दस्तुरीस आळा घालणे हा तिचा उद्देश होता, आणि काही अंशी तो साधला. परंतु कार्डांची संख्या गिरणीच्या गरजेवरून ठरे, काम मागणाऱ्यांच्या संख्येवरून नव्हे. ज्याला कार्ड मिळाले तो रोज हजेरी देण्यास बांधला गेला, पण मजुरीची हमी त्याला नव्हती. ज्याला कार्ड नाकारले गेले तो या नव्या यादीच्याही बाहेर राहिला.

या साऱ्या काळात हिंदुस्थान सरकार एका आंतरराष्ट्रीय कराराने बांधलेले होते, ही गोष्ट आज फारशी कोणाच्या स्मरणात नाही. १९१९ मध्ये वॉशिंग्टन येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेच्या पहिल्या अधिवेशनात बेकारीविषयी करार संमत झाला. हिंदी मजुरांचे प्रतिनिधी म्हणून ना. म. जोशी त्या अधिवेशनास उपस्थित होते. बेकारीसंबंधीची उपलब्ध माहिती दर तीन महिन्यांच्या आत आंतरराष्ट्रीय मजूर कचेरीस कळवावी आणि मोफत सार्वजनिक रोजगार कचेऱ्या स्थापन कराव्या, ही त्यातील प्रमुख कलमे होती. हिंदुस्थानने १९२१ मध्ये या करारास मान्यता दिली. रोजगार कचेऱ्या मात्र १९४५ पर्यंत निघाल्या नाहीत, आणि निघाल्या त्या दुसऱ्या महायुद्धातून परतणाऱ्या सैनिकांच्या सोयीसाठी. मुंबईच्या बदली मजुरांच्या नोंदणीची अधिक व्यापक सरकारी योजना १९५० मध्ये आली. बेकारीच्या त्या करारातून हिंदुस्थान सरकार १९३८ च्या एप्रिलात बाहेर पडले. त्या महिन्याच्या पहिल्या तारखेसही परळ-लालबागच्या गिरण्यांच्या फाटकांवर बदलीची कार्डे वाटली गेली असतील. कार्डाची मुदत एक महिन्याची असे.